मेजरसाहेबांची दुरुस्ती

दर सोमवारी अकराच्या ठोक्याला मेजरसाहेब आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटचा जिना चढायला लागायचे. जिना लाकडी आणि उभा, आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्यात वाकायचा नाही. आधी काठी, मग डावा पाय, मग ओढत आणलेला उजवा. तो आवाज वर पोचेपर्यंत मी मशीनला दोन कागद लावून, मध्ये कार्बन घालून तयार असायचे. मजकूर मला पाठ होता. तरी ते दर वेळी समोर उभं राहून तो नव्यानं सांगायचे. बसून सांगितलेलं पत्र ढिलं होतं, असं त्यांचं मत होतं.

पत्र इंग्रजीत असायचं आणि दिल्लीला, सैन्याच्या कचेरीला जायचं. त्याचा सारांश असा: एकाहत्तरच्या युद्धात मला शौर्याचं पदक मिळालं. पदकासोबतच्या मजकुरात म्हटलंय की मी जखमी अवस्थेत सरपटत पुढे गेलो आणि हातबॉम्ब टाकून शत्रूची मशीनगन बंद पाडली. हे चूक आहे. मी गेलो नाही. माझ्या कंपनीतला स्वयंपाकी तातोबा गेला, आणि तिथंच मारला गेला. तरी कागदावर दुरुस्ती व्हावी.

हे पत्र मी पहिल्यांदा घेतलं तेव्हा बावीस वर्षांची होते. बी.कॉम. होऊन मामांच्या या इन्स्टिट्यूटमध्ये नुकतीच शिकवायला लागले होते. इंग्रजीतल्या 'नॉट' या शब्दाशी माझी बोटं थांबली. लोक कचेऱ्यांना अर्ज करतात ते काहीतरी पदरात पडावं म्हणून. हा माणूस पदरात पडलेलं परत करायला निघाला होता. मी मान वर करून विचारलं, "सर, नॉटच ना?"

"नॉटच," ते म्हणाले. "दोनदा मारा. ठळक उठंल."

तेव्हापासून पुढची सात-आठ वर्षं मी तो शब्द दोनदा मारत आले. दिल्लीहून तीन-चार महिन्यांनी उत्तर यायचं, पत्र मिळालं, नोंद घेतली. मेजरसाहेब ते उत्तर शांतपणे वाचायचे, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचे आणि पुढच्या सोमवारी परत यायचे. मामा मला म्हणायचे, भला माणूस आहे, पण डोक्यात एक तार अडकलीय. गावातही साधारण हेच मत होतं.

मेजरसाहेब मूळचे कोडोलीचे. घरची शेती, शाळा कोल्हापुरात, आणि विशीत सैन्यात गेलेले. पायामुळे लवकर निवृत्त झाले आणि राजारामपुरीत दोन खोल्यांचं घर बांधून राहिले. अंगानं बारीक, मिशी बेताची, आवाज तर त्याहून बेताचा. रस्त्यातून चालताना त्यांची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. टपरीपुढं चार-पाच माणसं कोंडाळं करून उभी दिसली की ते थांबायचे आणि म्हणायचे, "पांगा रे, पांगा. एका गोळ्यात सगळी जाताल." कॉलेजची पोरं हसायची, पण पांगायची. नंतर नंतर तर ते लांबून येताना दिसले की पोरं आपणहून पाच-पाच पावलांवर उभी राहायची, आणि मेजरसाहेब मान हलवून पुढं जायचे. पोरं आपली मजा करतायत हे त्यांना कळत होतं का, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

दुसरी खोड नावांची. जिन्यात भेटेल त्या विद्यार्थ्याला ते नाव आणि गाव विचारायचे. एकदा विचारलेलं परत विचारायची वेळ यायची नाही. पोरांना वाटायचं, म्हाताऱ्याला उगाच चौकशा. मलाही तसंच वाटायचं. माझ्या दुसऱ्या वर्षी त्याचं कारण कळलं.

आमच्या बरोबर खाली एक चहावाला होता. एका सोमवारी पत्र अर्ध्यावर असताना त्याचा स्टोव्ह भडकला. जिन्यातून काळा धूर वर यायला लागला आणि तीस-बत्तीस पोरं-पोरी मशीन सोडून एकदम दाराकडं धावली. बाहेर जायला तो एकच जिना होता. दोघी-तिघी पडल्या, मागचे त्यांच्यावरून जायला लागले. मी ओरडत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

मेजरसाहेब दाराजवळच उभे होते. त्यांनी काठी जिन्याच्या तोंडाला आडवी धरली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "सुनंदा, कोडोली. उतर." सुनंदा उतरली. "तुकाराम, वडणगे. उतर." तुकाराम उतरला. असं एकेक नाव आणि एकेक गाव. ज्याचं नाव यायचं तो पुढं यायचा आणि बाकीचे आपलं नाव कधी येतं याची वाट बघत उभे राहायचे. धुरानं डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ढकलाढकली थांबली होती. माझ्या आधी एक नुकतंच नाव घातलेली मुलगी होती, अजून नीट ओळखही न झालेली. तिचंही नाव त्यांना माहीत होतं. सगळ्यांत शेवटी ते स्वतः उतरले, एकेक पायरी, पाय ओढत.

आग फार नव्हती. शेजाऱ्यांनी ओली पोती टाकून विझवली. पण त्या जिन्यात तीस पोरं एकावर एक पडली असती तर काय झालं असतं, हे मला दुपारी घरी गेल्यावर सुचलं. पुढच्या सोमवारी मी त्यांना विचारलं, तुम्ही आवाज का नाही चढवलात.

"घाबरलेल्या माणसाला स्वतःचं नाव तेवढं ऐकू येतं," ते म्हणाले. "बाकी काय ऐकू येत न्हाय. चला बाई, कुठवर आलतो आपण?"

मी वयानं त्यांच्या मुलीसारखी, पण शिकवते म्हणून त्यांनी मला कधी बाईशिवाय हाक मारली नाही.

त्यांच्या घरी मी दोन-तीनदाच गेले. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू बोलक्या होत्या. पदक बघायचंय म्हटल्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बटणं, सेफ्टीपिना, तुटकी किल्ली असल्या गोष्टी ठेवायच्या डब्यातून ते काढून आणलं. त्या म्हणाल्या, लग्नात सवत आणली असती तर एकवेळ निभावलं असतं, ह्यांचं नि ह्या पदकाचं भांडण मात्र मिटत न्हाय. बाहेरच्या खोलीत लावलं की हे काढून ठेवत्यात. एकदा फेकायला निघालते, तवापासनं मी लपवून ठेवलंय. मेजरसाहेब दारातून हे ऐकत होते.

लढाईबद्दल ते कधीच बोलायचे नाहीत. मला जे माहीत होतं ते पत्रापुरतं. पत्रात एक वाक्य होतं: तातोबा स्वतःहून पुढं गेला. ते सांगताना ते दर वेळी क्षणभर थांबायचे. मला वाटायचं, इंग्रजी शब्द आठवत असावेत.

मग नव्व्याण्णव साल आलं. त्या उन्हाळ्यात डोंगरातलं युद्ध झालं आणि गावोगावी सैनिकांचे सत्कार सुरू झाले. आमच्या भागातल्या एका तरुण मंडळानं मेजरसाहेबांचा सत्कार ठरवला. ते सत्कारांना जात नसत, पण या वेळी लगेच हो म्हणाले. त्या सोमवारी त्यांनी माझ्याकडून नेहमीच्या पत्राची एक जास्त प्रत करून घेतली. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

चौकात मांडव होता. फेटा बांधून झाला, श्रीफळ देऊन झालं, आणि कुणीतरी माइकवरून पदकाचा मजकूर मराठीत वाचला, जखमी अवस्थेत सरपटत पुढं गेले वगैरे. टाळ्या झाल्या. मेजरसाहेब उठले, खिशातून माझं टाइप केलेलं पत्र काढलं आणि वाचलं. आधी इंग्रजीत, मग एकेका वाक्याचं मराठी करून. मी गेलो नाही. तातोबा गेला. तो नेसरीचा होता. कंपनीचा स्वयंपाकी होता. तुम्ही ज्याला फेटा बांधलाय तो माणूस चुकीचा आहे.

मग अध्यक्ष उठले, त्यांनी माइक घेतला आणि सांगितलं, बघा, खरा शूर माणूस असा असतो, आपलं श्रेय गरीब स्वयंपाक्याला देतो. त्यानंतर ज्या टाळ्या पडल्या त्या आधीच्यापेक्षा दुप्पट होत्या. लोक त्यांच्या पाया पडायला रांगेत आले. मी मागच्या खुर्चीतून त्यांचा चेहरा बघत होते. लोकांनी शिव्या दिल्या असत्या तरी तो इतका पडला नसता.

पुढच्या सोमवारी ते आले, पण पत्र सांगितलं नाही. खिडकीपाशी उभे राहिले, थोड्या वेळानं उतरून गेले.

त्याच आठवड्यात एक गृहस्थ जिना चढून आले. साठीच्या आतले, खाकी शर्ट, पायात बूट. दारात उभं राहून त्यांनी जयभीम केला आणि म्हणाले, "मी कांबळे. आजऱ्याचा. सायबांच्या कंपनीत नाईक हुतो." आता ते आजऱ्यात एका काजूच्या कारखान्यावर पहारेकरी होते. सत्काराच्या दिवशी पाहुण्यांकडं आले होते म्हणून मांडवात होते. साहेबांशी बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून पत्र टाइप करणाऱ्या बाईंना शोधत आले होते.

मी त्यांना बसवलं आणि विचारलं, साहेब म्हणतात ते खरं आहे का.

"सायेब खोटं बोलायचं न्हाईत," कांबळे म्हणाले. "पर अर्धं सांगत्यात."

मग त्यांनी मला बाकीचं सांगितलं. पश्चिमेच्या सरहद्दीवर कालव्याचा एक बांध होता, त्यावर शत्रूची मशीनगन. ती काढल्याशिवाय पुढं सरकता येत नव्हतं. पहाटे दाट धुकं होतं, त्या आडोशानं कंपनी उघड्या शेतातून निघाली. निम्म्या वाटेवर मशीनगन सुरू झाली आणि पहिल्याच फैरीत साहेबांचा पाय जायबंदी झाला. चाळीस माणसं शेतात पालथी पडून राहिली. पुढं जाता येईना, मागं येता येईना. धुकं विरलं की एकेकाला टिपणार, हे सगळ्यांना दिसत होतं. त्या वेळी तातोबानं काय केलं, ते साहेब सांगतात तसंच. मशीनगन बंद झाली, उरलेली माणसं उठली आणि बांध हातात आला.

"त्यानंतरचं सायेब सांगत न्हाईत," ते म्हणाले.

बांध घेतला खरा, पण तो परत घ्यायला शत्रू येणार हे उघड होतं. साहेबांच्या पायाचं हाड बाहेर आलेलं. डॉक्टरकडं न्यायला स्ट्रेचर आणलं. साहेब स्ट्रेचरवर झोपले आणि म्हणाले, मागं न्हाय, बांधावरनं चला. एका टोकाला कांबळे होते, दुसऱ्या टोकाला आणखी एक जण. त्यांनी साहेबांना बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. दर दहा पावलांवर एक माणूस खड्ड्यात बसलेला. साहेब स्ट्रेचरवरून मान वर करून त्याचं नाव घ्यायचे, गाव घ्यायचे, विचारायचे, किती गोळ्या हायत, पाणी हाय का. मग पुढच्याकडं. गोळे पडत होते. कांबळे म्हणाले, साहेब, तुम्ही खाली ऱ्हावा, आम्ही निरोप देतो. साहेब म्हणाले, माझा आवाज निरोपातनं जात न्हाय.

शत्रू तीनदा चालून आला. प्रत्येक वेळी ते स्ट्रेचर बांधावरून फिरत होतं. एक उचलणारा जखमी झाला, त्याच्या जागी दुसरा आला. बदली तुकडी येईपर्यंत, कांबळे म्हणाले, दोन दिवस साहेबांनी कंपनी सोडली नाही. मग शुद्ध हरपली तेव्हा त्यांना नेलं. ते इस्पितळात होते तेव्हाच वरच्या अधिकाऱ्यांनी पदकाचा मजकूर लिहिला. मशीनगन साहेबांनी काढली, असं कुणीतरी म्हटलं, ते तसंच कागदावर गेलं. तातोबाच्या घरी जे पत्र गेलं त्यात लिहिलं होतं, जेवण पोचवताना तोफेचा गोळा लागून मृत्यू.

"पदक बरोबर हाय बाई," कांबळे म्हणाले. "फकस्त मजकूर चुकलाय. पर सायबास्नी ते पटत न्हाय. स्ट्रेचरचं काय विचारलं की म्हणत्यात, ते तर माझं कामच हुतं."

उठताना ते घुटमळले. मग म्हणाले, तातोबाची बायको आक्काताई नेसरीला आहे. कांबळे दर वर्षी एकदा जाऊन येतात. साहेबांनी पैसे पाठवले, कपडे पाठवले, मुलीच्या लग्नाला भांडी पाठवली, पण अठ्ठावीस वर्षांत ते त्या घरी एकदाही गेले नाहीत. दिल्लीला शेकड्यांनी पत्रं गेली असतील. नेसरीला एक नाही. "तुमचं ऐकतील," ते म्हणाले. "त्यास्नी घेऊन या."

माझं ऐकतील असं मला अजिबात वाटत नव्हतं. तरी पुढच्या सोमवारी मी बोलले. मेजरसाहेबांनी ऐकून घेतलं, टोपी उचलली आणि निघून गेले. त्यानंतर तीन सोमवार ते आले नाहीत. मामा म्हणाले, कशाला नको तिथं तोंड घातलंस. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. चौथ्या सोमवारी जिना वाजला. दारातूनच त्यांनी विचारलं, "बाई, उद्या सुट्टी काढता येईल का?"

आम्ही एसटीनं गडहिंग्लजपर्यंत गेलो. तिथून नेसरीची गाडी बदलायची होती. कांबळे आजऱ्याहून येऊन स्टँडवर थांबले होते. त्यांनी सॅल्यूट केला, साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि पहिली गाडी लागली. साहेब बाकावरून उठले नाहीत. म्हणाले, गर्दी हाय. दुसरी गाडी रिकामी होती. म्हणाले, जरा पाय दुखतोय. तिसरी गाडीही गेली. काठीवर दोन्ही हात ठेवून समोरच्या फरशीकडं बघत बसून राहिले. तोफांच्या माऱ्यात स्ट्रेचरवरून फिरलेला माणूस नेसरीच्या गाडीत चढायला भीत होता, आणि ती भीती मला दिसलीच नाही असं दाखवायला कुठं बघावं, ते कळेना.

चौथी गाडी लागली तेव्हा कांबळे जाऊन तिच्या पायरीवर उभे राहिले. कंडक्टरनं बेल मारली, तरी ते हलले नाहीत. तिथूनच, न ओरडता, त्यांनी मेजरसाहेबांना हाक मारली. साहेब म्हणून नाही. त्यांचं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाले, "कोडोली."

मेजरसाहेब उठले.

आक्काताईचं घर गावाच्या कडेला होतं. पुढच्या सोप्यात त्या आणि माहेरी आलेली त्यांची मुलगी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. कांबळ्यांना बघून त्या हसल्या, मग मागं काठी टेकत येणारा माणूस त्यांनी बघितला. त्यांनी पदर सारखा केला. "तुम्हीच व्हय ते सायेब," एवढंच म्हणाल्या, आणि घोंगडं अंथरलं.

मी बसले, कांबळे बसले. मेजरसाहेब उभेच राहिले. पत्र सांगताना उभे राहायचे तसे. त्यांनी धुकं सांगितलं, शेत सांगितलं, बांध सांगितला. तातोबा जेवण पोचवताना गेला नाही, हे सांगितलं. शेताच्या कडेनं पाण्याची एक चर थेट बांधापर्यंत जात होती. आधीचे दोन दिवस तातोबा त्याच चरीतून आपल्या पुढच्या चौकीवर चहा आणि पुऱ्या घेऊन जायचा. धुक्यात ती कुठं वळते, कुठं उथळ होते, हे कंपनीत त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. त्या पहाटे चहाचा डबा घेऊन तो मागोमाग आला होता. दोन हातबॉम्ब घेऊन तो त्या चरीतून गेला. पहिला फुकट गेला. दुसरा टाकायला तो उठून उभा राहिला, तेव्हा त्याला लागलं. पण हातबॉम्ब बरोबर पडला होता.

आक्काताईंचे हात शेंगांवर थांबले होते. त्यांनी विचारलं, "त्यास्नी कुणी पाठवलं?"

मी मेजरसाहेबांकडं बघितलं. 'तातोबा स्वतःहून पुढं गेला,' हे वाक्य मी शेकडो वेळा टाइप केलं होतं.

"मी," ते म्हणाले. "मी पाठवलं. तो म्हणाला, सायेब, मला न्हाय जमायचं, मी भाकरी थापणारा माणूस. मी म्हटलं, तातोबा, ती चर तुझ्या पायाखालची हाय. तुलाच जमंल. दुसरं कोण जाणार न्हाय." मग ते म्हणाले, "तो भीत हुता. तरी गेला. आणि मी इतकी वर्सं लिवत आलो, स्वतःहून गेला म्हणून. तसं लिहिलं की तो मोठा होतो असं वाटायचं. आणि माझं त्यात झाकून जायचं."

मुलगी आईकडं बघत होती. तिनं आपल्या बापाला बघितलेलंच नव्हतं. मला वाटलं, आक्काताई आता रडतील किंवा आम्हाला जा म्हणतील. त्या बराच वेळ मांडीवरची टरफलं गोळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, डबं घेऊन चाललं हुतं नि वाटंत कुठंतरी पडलं. कुणाला कळलं बी नसंल." परत थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "त्या दिशी कायतरी खाल्लं हुतं का त्येनी?"

"चहा घेतला हुता," मेजरसाहेब म्हणाले. "माझ्याच मगातनं. अर्धा मी, अर्धा त्यानं."

आक्काताईंनी मान हलवली. मग त्यांनी साहेबांना बसा म्हटलं, आणि ते बसले. पाय सरळ ठेवून, अवघडून, पण बसले. मुलीनं शेंगा आणि गूळ आणून ठेवला.

निघायच्या आधी मेजरसाहेबांनी खिशातून पदक काढून पुढं ठेवलं. काकूंच्या डब्यातून ते त्यांनी कधी मिळवलं कोण जाणे. आक्काताईंनी हात लावला नाही. त्या म्हणाल्या, ह्याचं मी काय करू. मला कागद द्या. दिल्लीचा न्हाय, मराठीत. माझ्या ह्या पोरीला वाचता यील असा. जे आत्ता बोलला ते सगळं त्यात घाला, भीत हुतं ते बी घाला.

मेजरसाहेब हो म्हणाले.

"आणि तुमचं काय झालं फुडं?" त्यांनी विचारलं.

"पायाला लागलं, बस्स."

कांबळे पुढं होऊन बोलायला लागले. ते 'बांधावरून स्ट्रेचर...' म्हणेपर्यंत साहेबांनी "कांबळे" एवढंच म्हटलं आणि ते गप्प झाले. पण आक्काताईंनी ऐकलं होतं. त्यांनी कांबळ्यांना सांगायला लावलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग मेजरसाहेबांना म्हणाल्या, "हे बी कागदात पायजे. न्हायतर आमचा माणूस कुणापायी गेला, ते पोरीला कसं कळायचं?"

मेजरसाहेबांनी पदक परत खिशात टाकलं आणि काठी उचलली.

पुढच्या सोमवारी मी मराठी मशीनला कागद लावला. इतक्या वर्षांत त्यांनी मला मराठीत एक ओळ सांगितली नव्हती. एका पानाला दोन तास लागले. एक वाक्य सांगायचे, खोडायला लावायचे, परत सांगायचे. 'मी त्याला पाठवले' हे वाक्य मात्र एकाच दमात आलं. शेवटी तातोबाचं पूर्ण नाव, गाव, तालुका सांगून ते म्हणाले, झालं. पक्कं करून ठेवा, उद्या सही करतो.

मी म्हटलं, साहेब, त्यांनी आणखी एक गोष्ट मागितली होती. ते टोपी घालून जिना उतरायला लागले.

त्या दुपारी मी पान पक्कं करायला घेतलं. तातोबाच्या मजकुराखाली जागा उरली होती. तिथं मी माझ्या मनानं दोन वाक्यं घातली. त्यानंतर कंपनी कमांडरांनी जखमी अवस्थेत मागे जाण्यास नकार दिला. दोन दिवस ते स्ट्रेचरवरून बांधावर फिरत प्रत्येक जवानाला नावाने हाक मारत राहिले, आणि बांध कंपनीच्या हातात राहिला. आयुष्यात मी पहिल्यांदाच, सांगितलं नव्हतं ते टाइप केलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते आले. कागद हातात घेऊन खिडकीपाशी उभे राहिले आणि सावकाश वाचायला लागले. शेवटच्या ओळींवर त्यांची नजर थांबली. त्यांनी पेन काढलं. मी धरून चालले होते की ते त्या ओळींवर आडवी रेघ मारणार. मी दुसरा कागद हाताशीच ठेवला होता.

त्यांनी 'दोन दिवस' हे शब्द खोडले, वर बारीक अक्षरात 'दीड दिवस' असं लिहिलं, आणि खाली सही केली.